०.३ मिमीचा स्टायलस: सीएमएमवर तो न मोडता, आणि त्याच्याकडून न फसता काम कसं करायचं

ठाणे-बेलापूर रोडच्या रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यात आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ज्या गाळ्यांत सीएमएम (जॉबला टेकून तिन्ही दिशांत मापं घेणारं मशीन) आहे, तिथलं बहुतेक काम २, ३ किंवा ४ मिमीच्या रुबी बॉलवर निभतं. मग एक दिवस नवीन ड्रॉइंग येतं. एखादा नोझल, कनेक्टरच्या मोल्डचा इन्सर्ट, छोटा व्हॉल्व्ह. त्यात ०.५ किंवा ०.६ मिमीची भोकं, त्यांना पोझिशन टॉलरन्स (जागेत चालणारी चूक), आणि खाली ग्राहकाची टीप: सीएमएम रिपोर्ट जोडणे. परचेसवाले ०.३ मिमीचा स्टायलस, म्हणजे टोकाला ०.३ मिमीचा बॉल असलेली बारीक दांडी, मागवतात. तो इवल्याशा डबीतून येतो, आणि बरेचदा पहिल्याच पाळीत मोडतो.

मोडला तर निदान कळतं तरी. जास्त नुकसान करतो तो न मोडलेला स्टायलस, ज्याचा बॉल भिंतीला टेकायच्या आधी दांडी टेकलेली असते. मशीन बीप करतं, आकडा छापला जातो, रिपोर्ट जातो, आणि भोक २० मायक्रॉनने लहान दिसतं म्हणून चांगला जॉब रीवर्कला पडतो. पुढे जे लिहिलंय ते या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी. बरंचसं काम कागदावरच्या गणिताचं आहे. जॉयस्टिकला हात लागतो तेव्हा निम्मा निकाल लागून गेलेला असतो.

आधी ठरवा, याची गरज आहे का

सगळ्या स्टायलसना लागू असलेला नियम इथे दुप्पट लागू होतो: आत जाईल तेवढा मोठा बॉल, पोचेल तेवढी आखूड दांडी, आणि कमीत कमी जोड. १ मिमीचा बॉल जात असेल तिथे ०.५ लावू नका, ०.५ जात असेल तिथे ०.३ लावू नका. 'एकाच स्टायलसने सगळा जॉब उरकू' म्हणून ०.३ मिमीने बाहेरचे डेटमही (ज्यांच्यापासून मापं धरतात ते पृष्ठभाग) घेणारे ऑपरेटर असतात. तसं करू नका. डेटम मोठ्या बॉलने घ्या आणि फक्त बारीक भोकासाठी टिप, म्हणजे लावलेला स्टायलस, बदला. दोन्ही टिप एकाच रेफरन्स स्फिअरवर (नेमका व्यास माहीत असलेल्या गोळ्यावर) कॅलिब्रेट केल्या असतील, तर बदलल्याने डेटम हलत नाही.

दुसरा प्रश्न: सीएमएमच का? आरपार भोकाचा फक्त व्यास हवा असेल तर पिन गेज (ठरावीक जाडीची मोजपिन) जलद आणि स्वस्त. वरच्या कडेची पोझिशन हवी असेल तर व्हिजन मशीन, म्हणजे कॅमेऱ्याने मोजणारं. व्हिजनची अडचण एवढीच की त्याला कड दिसते, आतली भिंत दिसत नाही. भोक तिरकं आहे, आत टेपर आहे, खोलीवर पायरी आहे, किंवा डेटम जॉबच्या दुसऱ्या बाजूला आहे, तेव्हा मात्र प्रोबला (स्टायलस धरून टच ओळखणाऱ्या भागाला) पर्याय उरत नाही. माझं मत विचाराल तर आरपार, सरळ, बर (कडेला राहिलेला धातूचा कंगोरा) नसलेल्या भोकाची पोझिशन व्हिजनवरच घ्यावी आणि ग्राहकाला तसं आधीच लेखी विचारून टाकावं. फोनवर 'चालेल' म्हणणारा माणूस ऑडिटच्या दिवशी सुट्टीवर असतो.

निवडताना तीन आकडे बघा

कॅटलॉगमध्ये प्रत्येक स्टायलससमोर बरेच आकडे असतात. त्यातले बॉलचा व्यास, दांडीचा व्यास आणि उपयोगी लांबी हे तीन महत्त्वाचे. उपयोगी लांबी म्हणजे बॉलच्या केंद्रापासून दांडी जिथे जाड होते तिथपर्यंतचं अंतर. एकूण लांबी १० मिमी लिहिलेली असली तरी ०.३ मिमीच्या बॉलची उपयोगी लांबी बहुधा २ मिमीच्या आसपास असते. ड्रॉइंगवरच्या खोलीशी १० नाही, हे २ ताडून बघायचे. नवी मुलं इथेच फसतात.

दांडी टंगस्टन कार्बाइडची घ्या. कारण आकड्यांत बघू. बॉल ०.३, दांडी ०.२, उपयोगी लांबी २ मिमी. बाजूने ०.०८ न्यूटन बल आलं, तर कार्बाइडची दांडी साधारण ४.५ मायक्रॉन वाकते. स्टीलची असती तर १३-१४ मायक्रॉन वाकली असती, कारण कार्बाइडचा ताठपणा स्टीलच्या तिप्पट. लांबी दुप्पट म्हणजे ४ मिमी केली की वाकणं आठपट होतं, म्हणजे कार्बाइडलाही ३६ मायक्रॉन. उलट दांडी ०.२ ऐवजी ०.३ मिमी घेतली तर तेच वाकणं १ मायक्रॉनच्या खाली येतं. लांबी घनाने आणि जाडी चौथ्या घाताने काम करते. म्हणून 'थोडी लांब घेऊन ठेवू, पुढे कामाला येईल' हा विचार या मापात चालत नाही.

याच आकडेमोडीतून दुसरी गोष्ट कळते. ०.०८ न्यूटनला दांडीच्या बुडाशी येणारा ताण कार्बाइडच्या क्षमतेच्या एक दशांशाच्या आसपास असतो. म्हणजे नेहमीच्या टचने ती मोडत नाही. तिला मोडायला बॉलवर आडवं साधारण १ न्यूटन, म्हणजे १०० ग्रॅम वजनाएवढं बल लागतं. हे बल टचमधून येत नाही. ते येतं दोन टचच्या मधल्या हालचालीतून, चुकीच्या लांबीतून, कोनात फिरणाऱ्या हेडमधून आणि फडक्याने पुसणाऱ्या हातातून.

बॉलचं मटेरियल बहुतेक कामाला सिंथेटिक रुबीच ठीक. अॅल्युमिनियमवर स्कॅनिंग करायचं असेल तर रुबीला अॅल्युमिनियम चिकटत जातं, तिथे सिलिकॉन नायट्राइड बरं. नुसत्या टच पॉइंटला ही अडचण येत नाही. पण मऊ अॅल्युमिनियमवर किंवा प्लास्टिकवर इतका लहान बॉल टेकला की बारीक खड्डा पडू शकतो. दिसणारा किंवा सील होणारा पृष्ठभाग असेल तर आधी भंगारातल्या जॉबवर टच घेऊन लूपने (भिंगाने) बघा.

भोकात किती जागा आहे, ते कागदावर काढा

भोक ०.५, बॉल ०.३. उरले ०.२, म्हणजे एका बाजूला ०.१ मिमी. आता तुमच्या प्रोग्राममध्ये प्रीहिट (टचच्या आधी थांबायचं अंतर) आणि रिट्रॅक्ट (टचनंतर मागे यायचं अंतर) किती आहे? मोठ्या भोकांसाठी सवयीने २ किंवा ३ मिमी ठेवलेलं असतं. तोच आकडा इथे राहिला, तर मशीन टचच्या आधी २ मिमी मागे जायला बघेल आणि मागच्या भिंतीतून जायचा प्रयत्न करेल. या भोकाला प्रीहिट आणि रिट्रॅक्ट दोन्ही ०.०५ च्या आसपास हवेत, प्रत्येक टचनंतर परत केंद्रात यायला हवं, आणि मगच पुढच्या दिशेला जायला हवं.

त्या ०.१ मधूनच भोकाच्या जागेची चूकही भागवायची आहे. ड्रिल ०.०८ ने सरकलेलं असेल, तर नॉमिनल केंद्रावर खाली उतरणारा बॉल एका कडेला जवळजवळ घासतो. म्हणून नॉमिनलवर थेट उतरू नका. भोकाचं खरं केंद्र आधी व्हिजनवर किंवा कॅमेऱ्यावर बघून घ्या आणि प्रोग्रामला तो आकडा द्या. ही सोय नसेल तर निदान एका जॉबवर हाताने, सर्वांत कमी वेगात, लूप लावून उतरून बघा.

तिसरं गणित कोनाचं. बॉल ०.३ आणि दांडी ०.२, म्हणजे बॉल दांडीच्या बाहेर एका बाजूला फक्त ०.०५ मिमी येतो. १.५ मिमी खोल गेलात आणि भोकाचा अक्ष स्टायलसच्या अक्षाशी तिरका असेल, तर किती तिरकं चालेल? ०.०५ भागिले १.५, म्हणजे जेमतेम १.९ अंश. त्याहून जास्त झालं की भोकाच्या तोंडाशी दांडी आधी टेकते. प्रोब फिरवणारं पीएच-१० सारखं इंडेक्सिंग हेड ७.५ अंशांच्या पायऱ्यांनी फिरतं. भोक ३ अंशांत असेल तर हेडच्या जवळच्या दोन पायऱ्या ० आणि ७.५. दोन्ही १.९ च्या बाहेर. अशा वेळी हेडवर खटपट न करता जॉबच ३ अंशांत बसवा. साइन प्लेट किंवा टूलरूममधून करून घेतलेला वेज खाली घाला. मला तर बारीक भोकांच्या कामात चांगलं फिक्श्चर चांगल्या प्रोबपेक्षा जास्त उपयोगी वाटतं.

प्रोब आणि मॉड्यूल

टीपी-२० सारख्या काढता-घालता येणाऱ्या मॉड्यूलच्या (स्टायलस ज्यात बसतो त्या भागाच्या) प्रोबवर लो फोर्स मॉड्यूल लावा. त्याचं आडवं ट्रिगर बल (टच झाल्याचा सिग्नल यायला लागणारं बल) ०.०५५ न्यूटन, स्टँडर्डचं ०.०८. फरक लहान वाटतो, पण वाकणं त्याच प्रमाणात कमी होतं. स्ट्रेन गेजवर चालणारा टीपी-२०० असेल तर आडवं बल ०.०२ न्यूटनवर येतं आणि वाकणं १ मायक्रॉनच्या आसपास. एक सूचना: उत्पादकाचा आकडा ठरावीक लांबीच्या स्टायलससाठी असतो. स्टायलस आखूड केला की टोकावरचं बल वाढतं.

उभ्या दिशेला मात्र हिशेब वेगळा. टीपी-२० च्या लो फोर्स मॉड्यूललाही उभं बल ०.६५ न्यूटन लागतं, आडव्याच्या जवळपास बारापट. सपाट तळावर सरळ खाली टेकलात तर दांडीला काही होत नाही, कारण ती लांबीच्या दिशेला भक्कम आहे. पण अंध (आरपार नसलेल्या) भोकाचा तळ ड्रिलच्या टोकाचा, शंकूच्या आकाराचा असतो. त्यावर बॉल टेकला की तो उतारावरून घसरतो आणि उभ्या बलातला मोठा हिस्सा आडवा होऊन दांडीवर येतो. म्हणून शंकूच्या तळावर उभा टच घेऊ नका. खोली डेप्थ पिनने किंवा दुसऱ्या कशाने मोजा.

बसवताना

स्टायलस मशीनवर बसवू नका. मॉड्यूल प्रोबमधून काढा, टेबलावर बसा, खाली पांढरा, लव न सुटणारा कपडा किंवा उथळ ट्रे ठेवा. ट्रे अशासाठी की हातातून निसटला तर तो ग्रॅनाइटवर न पडता ट्रेमध्ये पडेल आणि पांढऱ्यावर दिसेल. डबी ट्रेच्या वरच उघडा.

पकडायचं ते जाड, षटकोनी किंवा खाचेच्या भागावर. बॉलला आणि बारीक दांडीला बोट लागता कामा नये. दोन-तीन आटे हाताने, अगदी हलक्या हाताने फिरवा. आटे तिरके चढत असतील तर लगेच कळतं, अडखळतं. एम-२ चा आटा आहे, जोर केलात तर मॉड्यूलचा आटाच जाईल, आणि ती चूक स्टायलसपेक्षा महाग पडते. शेवटी सोबत आलेल्या छोट्या चावीने घट्ट करा. मॉड्यूल डाव्या हातात धरलेलं असेल तर जोर मॉड्यूलच्या आतल्या यंत्रणेवर न येता तुमच्या हातावर येतो. लटकत्या प्रोबवर तेच केलं तर प्रत्येक पिळा किनेमॅटिक सीटवर (आतल्या नाजूक बैठकीवर) जातो.

मग १० पटीचा लूप घ्या आणि खिडकीकडे धरून बघा. बॉल आणि दांडीच्या सांध्यावर गोंदाचा थेंब एका बाजूला जास्त आलाय का? बॉलवर ओरखडा, पांढरा ठिपका, तंतू? तंतू असेल तर लेन्स टिश्यूच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दांडीकडून टोकाकडे एकदाच हलकेच ओढा. कापसाने पुसू नका, त्याचाच तंतू अडकतो. इथल्या मुलांना सवय असते ती हवेच्या गनने फुंकायची. लाइनमधल्या पाण्यासकट ५-६ बारची हवा या दांडीवर मारायची नाही.

आता मॉड्यूल चुंबकावर अलगद टेकवा. चुंबक ओढून घेतो तेव्हा टक् असा झटका बसतो, तो कमी करायला एक कड आधी टेकवून मग दुसरी.

कॅलिब्रेशन: इथेच सगळं बिघडतं

सॉफ्टवेअरमध्ये टिपची बिल्ड (कोणते भाग जोडलेत त्याची नोंद) तयार करताना लांबी कॅटलॉगवरून नाही, हातातल्या स्टायलसच्या डबीवरून घाला. १० च्या जागी २० निवडलं गेलं, तर मशीनला टिपचं टोक खऱ्यापेक्षा १० मिमी खाली आहे असं वाटतं. उलट २० च्या जागी १० निवडलं गेलं, तर टिप तेच १० मिमी स्फिअरच्या आत घुसायला बघते.

रेफरन्स स्फिअर हलवलेला नसेल तर मास्टर टिप (नेहमीची जाड, संदर्भाची टिप) आधी कॅलिब्रेट करा आणि बारीक टिपसाठी 'स्फिअर हलला नाही' असं उत्तर द्या. म्हणजे जॉयस्टिकने पहिला टच घ्यायची वेळच येत नाही. बारीक टिप सर्वांत जास्त मोडते ती त्या हाताच्या टचला.

आता भूमितीचा मुद्दा, जो कोणी शिकवत नाही. समजा स्फिअर २५ मिमीचा आहे आणि २ मिमी उपयोगी लांबीनंतर दांडी १.५ मिमी जाड होते. सॉफ्टवेअर सवयीने स्फिअरच्या विषुववृत्तावर टच घ्यायला जातं. तिथे बॉल टेकलेला असताना, २ मिमी वर, स्टायलसच्या अक्षापासून स्फिअरपर्यंतची जागा फक्त ०.३१ मिमी उरते. जाड भागाची त्रिज्या ०.७५. म्हणजे बॉल पोचायच्या आधी जाड भाग स्फिअरला लागतो. मशीनला ते कळत नाही, त्याला ट्रिगर मिळाला की झालं. इतकंच नाही, एकूण लांबी १० मिमी असेल तर १३ मिमी व्यासाचं मॉड्यूलही स्फिअरला धडकायला येतं.

उपाय दोन. पहिला, टच वरच्या भागात ठेवा. २० अंशांच्या अक्षांशावर तीच जागा १.१ मिमी होते आणि ३० अंशांवर १.६ च्या पुढे जाते. म्हणून सुरुवातीचा कोन ० ऐवजी २०-२५ अंश द्या. दुसरा, छोटा स्फिअर घ्या. १० मिमीच्या स्फिअरवर १० अंशांवरच १ मिमी जागा मिळते. दोन्ही केलेलं चांगलं. तुमच्या स्टायलसचा जाड भाग वेगळा असेल, तर एका कागदावर वर्तुळ काढून मापं घाला, पाच मिनिटांचं काम आहे.

विषुववृत्त सोडल्याची किंमतही असते: व्यासाचा आणि उभ्या दिशेचा आकडा एकमेकांत थोडे मिसळतात. म्हणून टच जास्त घ्या, दोन-तीन थरांत पसरून, आणि खाली सांगितलेली रिंग गेजची (नेमक्या माहीत व्यासाचं भोक असलेल्या कडीची) तपासणी टाळू नका.

वेगाबद्दल एक हट्ट धरा. ज्या टच स्पीडने जॉब मोजणार त्याच स्पीडने कॅलिब्रेट करा. ०.३ साठी २-३ मिमी प्रति सेकंद पुरे. ट्रिगरनंतर मशीनची धाव वेगाच्या वर्गाने वाढते. ५०० मिमी प्रति सेकंद वर्ग इतकं मंदन धरलं, तर १० च्या वेगाला ०.१ मिमी आणि ३ च्या वेगाला ०.०१ च्या आत. मगाशी भोकात एका बाजूला उरलेली जागा आठवा, तीही ०.१ च होती. आणि १०० मिमी प्रति सेकंदाच्या रॅपिडमध्ये (दोन टचमधल्या जलद हालचालीत) कुठे धडक झाली तर थांबेपर्यंत १० मिमी जातात. टिप भोकात असताना रॅपिड लागलाच नाही पाहिजे.

कॅलिब्रेशन झालं की आकडे वाचा, नुसतं 'ओके' दाबू नका. बॉलचा व्यास ०.३ पेक्षा थोडा कमी दिसणं साहजिक आहे: प्रत्येक टचला दांडी वाकते आणि मग ट्रिगर येतो, ते अंतर दोन्ही बाजूंनी वजा होतं. मला त्या आकड्यापेक्षा तो परत परत तोच येतो का यात रस असतो. तीनदा कॅलिब्रेट करा. व्यास आणि केंद्र दर वेळी एखाद-दोन मायक्रॉनच्या आत जुळलं पाहिजे. फॉर्म एरर (टच पॉइंट आदर्श गोळ्यापासून किती हटलेत तो आकडा) अचानक मोठी आली तर बहुधा धूळ, सैल आटा किंवा दांडी टेकणं, या तिघांपैकी एक.

मग रिंग गेज. तुमच्या भोकाच्या जितकी जवळ मिळेल तितकी लहान, सर्टिफिकेट असलेली. स्फिअरवरचं कॅलिब्रेशन बाहेरच्या पृष्ठभागावर होतं, काम आतल्या पृष्ठभागावर आहे. रिंगचा आकडा सर्टिफिकेटशी जुळेपर्यंत जॉबला हात लावू नका.

प्रोग्राम आणि पहिली फेरी

पहिली फेरी जॉबच्या वर चालवा. अलाइनमेंट (मशीनला दिलेली जॉबची जागा) १० मिमी वर सरकवून, सगळा प्रोग्राम हवेत, वेगाचं ओव्हरराइड ५ टक्क्यांवर, अंगठा स्टॉपवर. हवेत टच मिळणार नाही म्हणून मशीन एरर देत राहील, देऊ दे. तुम्हाला हालचाल बघायची आहे: हेड फिरताना टिप जॉबच्या बाहेर आहे का, एका भोकातून दुसऱ्याकडे जाताना क्लिअरन्स प्लेनपर्यंत (जॉबच्या वरच्या मोकळ्या पातळीपर्यंत) वर येते का. मग खरी अलाइनमेंट घालून एक-एक ओळ.

सर्च डिस्टन्स, म्हणजे टच न मिळाल्यास मशीन पुढे किती शोधत जाईल, तेही लहान करा. भोकाच्या टॉलरन्सपेक्षा थोडं जास्त, एवढंच.

टच किती घ्यायचे यावर थोडं थांबतो. किनेमॅटिक प्रोबच्या आत तीन पायांची बैठक असते, त्यामुळे ट्रिगर बल दिशेनुसार बदलतं, आणि बारीक दांडीचं वाकणंही तसंच तीन उंचवट्यांत बदलतं. ड्रिल केलेलं भोकही अनेकदा किंचित तीन कोनांचं असतं. अशा आकारावर सारख्या अंतराने ३ टच घेतले, तर तो सगळा दोष व्यासात जातो आणि गोलाई मात्र छान शून्य दिसते. ४ घेतले तर व्यास सुटतो, पण दोष केंद्रात शिरतो, म्हणजे नेमक्या पोझिशनमध्ये. ५ पासून पुढे तो ना व्यासात राहतो ना केंद्रात. त्यामुळे '४ टच पुरे' ही मोठ्या भोकांची सवय इथे सोडा. किमान ५, मी ७ घेतो. ट्रिगर जितके जास्त तितका धोका जास्त असं वाटेल, पण आधीच सांगितलं, टचने तो मोडत नाही.

जॉब धुऊन घ्या. भोकातली चिप, कूलंटचा थर, तोंडाशी बर, यातलं काहीही २० मायक्रॉनचं असू शकतं. अल्ट्रासॉनिक असेल तर उत्तम. नंतर पिन गेज घालून बघा. पिन जात नसेल तर स्टायलस पाठवायचा प्रश्नच नाही. उपयोगी लांबी २ मिमी असेल तर १.७ च्या खाली उतरू नका.

दांडी टेकतेय हे ओळखायचं कसं

एकाच भोकात दोन खोल्यांवर मोजा, ०.५ आणि १.५ मिमी. दांडी तोंडाशी टेकत असेल तर खोलवरचा व्यास लहान येतो आणि केंद्र एका दिशेला सरकतं. खरं टेपर असेल तर व्यास बदलतो पण केंद्र सहसा जागेवर असतं. खात्रीसाठी जॉब १८० अंश फिरवून परत लावा. केंद्राचं सरकणं जॉबबरोबर फिरलं तर दोष जॉबमध्ये, मशीनबरोबर राहिलं तर स्टायलसमध्ये किंवा सेटिंगमध्ये.

आपल्या भागाच्या खास अडचणी

बाजूच्या गाळ्यात पॉवर प्रेस चालू असेल तर ग्रॅनाइटपर्यंत धक्का पोचतो. संवेदनशील प्रोबला, विशेषतः टीपी-२०० ला, हवेतच खोटा ट्रिगर येतो. त्याच्या इंटरफेसवर ट्रिगर लेव्हल वाढवायची सोय असते, ती वापरा, आणि वापरली तर त्याच लेव्हलवर परत कॅलिब्रेट करा. शक्य असेल तर बारीक टिपचं काम शेजारच्या प्रेसच्या जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी लावा. आम्ही तेच करतो.

पावसाळ्यात खोलीची हवा दमट असते. गोदामातून आलेला ओला जॉब थेट टेबलावर घेऊ नका. २० अंशांच्या खोलीत तो तासनतास राहू द्या, बाष्पाचा थर निघून जाऊ द्या. ०.५ च्या भोकाच्या व्यासाला तापमानाचा फरक नगण्य, पण डेटमपासून १०० मिमीवरच्या भोकाची जागा स्टीलमध्ये दर अंशाला १ मायक्रॉनहून थोडी जास्त सरकते, अॅल्युमिनियममध्ये त्याच्या दुप्पट. कंप्रेसरचा ड्रायर आणि फिल्टर जूनच्या आधी बघून घ्या, एअर बेअरिंगमध्ये पाणी गेलं की स्टायलस ही चिंतेची शेवटची गोष्ट उरते.

आणि वीज. टिप भोकात असताना लाइट गेली तर कंट्रोलर बंद, हवा बंद, मशीन जागच्या जागी बसतं. लाइट आल्यावर घाईने होम करू नका, म्हणजे अक्ष शून्य जागेवर नेऊ नका. काही मशीनवर होमिंगला अक्ष एकत्र हलतात. आधी हवेचं प्रेशर पूर्ण येऊ द्या, सर्व्हो चालू करा, सर्वांत कमी वेगात फक्त उभ्या अक्षाने, आणि भोक तिरकं असेल तर प्रोबच्या अक्षात चालणाऱ्या मोडने, टिप सरळ बाहेर काढा. मग होम, मग मास्टर टिप तपासणी. कंट्रोलर आणि संगणक दोन्ही यूपीएसवर हवेत. नुसता संगणक यूपीएसवर ठेवून काही साधत नाही.

मोडला तर

थांबा आणि आहे तिथून सरळ वर या. बॉल कुठे गेला ते शोधा, हे सगळ्यात महत्त्वाचं. मोल्ड इन्सर्टच्या भोकात ०.३ मिमीची रुबी राहिली आणि तो इन्सर्ट प्रेसवर गेला, तर नुकसान स्टायलसच्या कित्येक पट होईल. लूपने भोक बघा, खालून उजेड टाका, आरपार असेल तर पिनने ढकला. बॉल सापडला नाही तर जॉबला टॅग लावून बाजूला ठेवा आणि सुपरवायझरला सांगा.

मॉड्यूल काढून त्याचा आटा आणि सीट तपासा, स्टँडर्ड स्टायलस लावून स्फिअरवर फॉर्म एरर बघा. ती नेहमीसारखी आली तर मॉड्यूल वाचलं. मग नवा स्टायलस, नवीन बिल्ड लांबी, पूर्ण कॅलिब्रेशन, रिंग गेज. जुन्या टिपचं कॅलिब्रेशन 'तेच मॉडेल आहे' म्हणून वापरू नका. दोन स्टायलसची केंद्रं कधी जुळत नाहीत.

मोडलेल्या वेळी काय चालू होतं ते वहीत एका ओळीत लिहा: कुठली ओळ, कुठला कोन, कोणता वेग. आणि जे सलामत उरलेत ते काम संपल्यावर मशीनवर लटकत ठेवू नका. मॉड्यूलसकट काढा, अल्कोहोलने एकदा पुसा, डबीत उभे ठेवा, डबीवर तारीख आणि शेवटचा रिंग गेजचा आकडा लिहा. पुढच्या पाळीतल्या माणसाला तोच आकडा परत मिळाला तर त्याला कामाला लागता येतं, नाही मिळाला तर त्याने तुम्हाला फोन करावा.